रामा राघोबा राणे

मेजर रामा राघोबा राणे (जन्म : २६ जून १९१८, चेंडिया, कारवार तालुका, मृत्यू : ११ जुलै १९९४, पुणे) हे भारतीय लष्कराच्या अभियंता दलातील अधिकारी आणि परमवीर चक्राचे मानकरी होते. काही ठिकाणी त्यांचे नाव राम राघोबा राणे असेही लिहिलेले आढळते. एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या डोंगरी रस्त्यावरील सुरुंग व अडथळे शत्रूच्या माऱ्याखाली दूर करून त्यांनी भारतीय रणगाड्यांना वाट मोकळी करून दिली. या कामगिरीबद्दल त्यांना हा सर्वोच्च शौर्य पुरस्कार देण्यात आला. त्या वेळी ते सेकंड लेफ्टनंट होते. अभियंता दलाला मिळालेले हे आजवरचे एकमेव परमवीर चक्र आहे.

राणे यांचे शौर्य हे प्रामुख्याने कामाचे शौर्य होते. परमवीर चक्राच्या बहुतेक कथा एखाद्या ठाण्याचा बचाव किंवा चढाई यांभोवती फिरतात आणि त्यांतील निर्णायक घटका काही मिनिटांची किंवा फार तर काही तासांची असते. राणे यांच्या मानपत्रात मात्र ८ ते ११ एप्रिल या चार दिवसांचे जवळजवळ तासागणिक टिपण आहे. काम किती वाजता सुरू झाले, किती वाजता थांबले, मध्ये किती झाडे आणि किती मोऱ्या आल्या, याचाच तो हिशेब आहे.

पार्श्वभूमी व बालपण

राणे यांचा जन्म कारवारच्या दक्षिणेस असलेल्या चेंडिया या गावी झाला. कारवारचा हा भाग त्या काळी मुंबई इलाख्यातील उत्तर कानडा जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो तत्कालीन म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. कोकणी, मराठी आणि कानडी या तिन्ही भाषांचा वावर असलेल्या या किनारपट्टीचा गोवा, कोकण आणि मुंबई-पुण्याशी जुना संबंध आहे. त्यामुळे राणे यांचा उल्लेख कर्नाटकाचे सुपुत्र म्हणून होतो, तसाच बॉम्बे सॅपर्सच्या पुण्यातील परंपरेतही होतो.

त्यांचे वडील पोलीस शिपाई होते. वडिलांची बदली होईल तसे घर हलत असे, त्यामुळे रामाचे शिक्षण जिल्ह्यातील निरनिराळ्या शाळांमध्ये तुकड्यातुकड्यांनी झाले. १९३० मध्ये सविनय कायदेभंगाची लाट या जिल्ह्यातही आली. शेजारच्या अंकोल्याला मिठाचा सत्याग्रह झाला आणि पुढे त्या परिसरात साराबंदीची चळवळही उभी राहिली. बारा वर्षांचा रामा या वातावरणाकडे ओढला गेला. सरकारी पोलिसाच्या घरात ही गोष्ट अडचणीची होती. वडिलांनी बिऱ्हाड चेंडियाला परत आणले. याच मुलाने दहा वर्षांनी ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात नाव नोंदवले. वरवर पाहता हा विरोधाभास वाटतो; परंतु त्या पिढीतील हजारो तरुणांचा मार्ग असाच वळणावळणाचा होता. चळवळीची ओढ आणि पलटणीतील नोकरी या दोन गोष्टी एकाच घरात, कधी एकाच माणसात, एकत्र नांदत असत.

सैन्यात प्रवेश

१० जुलै १९४० रोजी, दुसरे महायुद्ध सुरू असताना, राणे बॉम्बे इंजिनियर्समध्ये भरती झाले. या दलाचा उगम अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या सैन्यासाठी उभारलेल्या पायोनियर तुकडीत शोधला जातो. ‘सॅपर्स अँड मायनर्स’ ही पलटण १८२० मध्ये उभी राहिली. पुण्याजवळील खडकी हे तिचे ठाणे. मराठी मुलखातील बोलीत या पलटणीला ‘सफरमैना’ म्हणत. ‘सॅपर्स अँड मायनर्स’ या नावाचे लोकांनी केलेले हे रूप जुन्या कागदपत्रांत आणि वृद्धांच्या बोलण्यात अजूनही भेटते.

सॅपर हा सैनिकच असतो, पण त्याच्या हातात बंदुकीबरोबर कुदळ, पहार आणि स्फोटकेही असतात. पूल बांधणे, रस्ता काढणे, विहीर खोदणे, सुरुंग पेरणे आणि शत्रूने पेरलेले काढणे, माघार घेताना आपलेच पूल व साठे उद्ध्वस्त करणे ही त्याची कामे. पायदळ पुढे सरकते तेव्हा तो त्याच्याही पुढे असतो आणि पायदळ मागे येते तेव्हा बहुधा सर्वांत शेवटी निघतो. राणे यांच्या वाट्याला यातील दोन्ही टोके आली.

प्रशिक्षणात राणे इतके सरस ठरले की तुकडीतील उत्कृष्ट रिक्रूट म्हणून त्यांना ‘कमांडंटची छडी’ देण्यात आली. त्यानंतर त्यांची नेमणूक २८ व्या फील्ड कंपनीत झाली. ही कंपनी २६ व्या हिंदी पायदळ विभागाबरोबर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर होती.

ब्रह्मदेशातील युद्ध

आराकान ही ब्रह्मदेशाची बंगालच्या उपसागराला लागून असलेली पट्टी. दाट जंगल, दलदल, भरती-ओहोटीच्या खाड्या आणि मलेरिया यांमुळे ती सैन्यासाठी कुप्रसिद्ध होती. जपान्यांविरुद्धची पहिली आराकान मोहीम १९४३ मध्ये फसली आणि हिंदी विभागांना मागे यावे लागले.

राणे यांच्या विभागाने आराकानमधून माघार घेतली तेव्हा बुथिडाँग येथील दारूगोळ्याचा साठा जपान्यांच्या हाती पडू नये म्हणून तो नष्ट करणे आवश्यक होते. या कामासाठी राणे आणि सॅपरांच्या दोन तुकड्या मागे ठेवण्यात आल्या. साठा उडवल्यावर आरमाराच्या नौकांनी त्यांना उचलून न्यावे, अशी योजना होती. राणे यांनी काम पुरे केले, पण नौका पोहोचू शकल्या नाहीत. तेव्हा जपानी गस्त असलेली नदी आपल्याच हिमतीने पार करून ही लहानशी टोळी बावली बझार येथे विभागाला येऊन मिळाली. या कामगिरीनंतर राणे हवालदार झाले. पुढे नेतृत्वाचे गुण पाहून त्यांना जमादार, म्हणजे आजच्या भाषेत नायब सुभेदार, करण्यात आले.

शिपाई म्हणून भरती झालेल्या माणसाने सात-साडेसात वर्षांत अधिकारी व्हावे, ही त्या काळी सहज घडणारी गोष्ट नव्हती. १५ डिसेंबर १९४७ रोजी राणे यांना अभियंता दलात सेकंड लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळाले आणि ते बॉम्बे इंजिनियर्सच्या ३७ व्या असॉल्ट फील्ड कंपनीत रुजू झाले. त्या वेळी ते २९ वर्षांचे होते. या पदावरचे इतर अधिकारी वयाने बरेच लहान असत. स्फोटके हाताळण्याचा आणि माघारीच्या गोंधळात माणसे सांभाळण्याचा अनुभव मात्र राणे यांच्याइतका त्यांच्यापैकी थोड्यांपाशीच असावा.

नौशेरा आणि राजौरीचा प्रश्न

ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने आलेल्या टोळीवाल्यांनी जम्मू-काश्मीर संस्थानावर आक्रमण केले. संस्थानाने भारतात विलीन होण्याचा निर्णय घेतल्यावर २७ ऑक्टोबरला भारतीय सैन्य श्रीनगरला उतरले. श्रीनगरच्या विमानतळाची आणि बडगामची लढाई सर्वांना ठाऊक असते. मात्र पीर पंजालच्या दक्षिणेकडील जम्मू भागातील संघर्ष तितकाच दीर्घ आणि रक्तरंजित होता. राजौरी नोव्हेंबर १९४७ मध्येच आक्रमकांच्या हाती पडली आणि तेथे मोठा नरसंहार झाला. २४ डिसेंबरला झांगड हे मोक्याचे ठाणे गेले. ६ फेब्रुवारी १९४८ रोजी नौशेऱ्यावर झालेला मोठा हल्ला परतवण्यात आला. त्या लढाईत तैंधार येथे धारातीर्थी पडलेले नाईक जदुनाथ सिंह यांना पुढे मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. १८ मार्च रोजी ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या ५० व्या पॅराशूट ब्रिगेडच्या पुढाकाराने झांगड परत घेण्यात आले.

यानंतरचे लक्ष्य राजौरी होते. तेथे आणि आसपासच्या खेड्यांत अडकलेल्या लोकांच्या जिवाची काळजी हे त्याचे एक कारण होते. दुसरे कारण लष्करी होते : पूंछ शहर नोव्हेंबर १९४७ पासून वेढ्यात होते आणि तिकडे जमिनीवरून जायचे तर राजौरी हाती असणे आवश्यक होते.

नौशेऱ्याहून राजौरीला जाणारा रस्ता मनावर तवी नदीच्या खोऱ्यातून वर चढत जातो. ही नदी जम्मू शहरातून वाहणाऱ्या तवीहून वेगळी आहे. नामसाम्यामुळे लेखांत अनेकदा घोटाळा होतो. मोगल बादशहा काश्मीरला जात तो जुना मार्ग याच खोऱ्यातून जाई. वाटेत चिंगस येथे मोगलकालीन सराई आहे. १६२७ मध्ये काश्मीरहून परतताना जहांगीर मरण पावला, तेव्हा शव टिकावे म्हणून त्याची आतडी येथे पुरली आणि त्यावरून गावाला हे नाव पडले, असे परंपरा सांगते. १९४८ मध्ये हा रस्ता अरुंद होता, एका बाजूला डोंगराची भिंत आणि दुसऱ्या बाजूला उतार. रणगाड्याला येथे डावीकडे-उजवीकडे वळून जाण्याची सोय नव्हती. आक्रमकांनी नेमका याचाच फायदा घेतला. चीड वृक्ष तोडून रस्त्यावर आडवे टाकले, मोऱ्या उडवल्या, कडेचे भराव फोडले, अडथळ्यांभोवती सुरुंग पेरले आणि या सर्वांवर नेम धरून वरच्या टेकड्यांवर मशीनगन बसवल्या. पडलेले झाड एरवी तासाभरात बाजूला करता येते. त्याच्याभोवती सुरुंग आणि वर मशीनगन असली की तेच झाड तटबंदीचे काम करते.

नौशेरा-राजौरी मार्गावरील कामगिरी

आगेकूच ८ एप्रिल १९४८ रोजी सुरू झाली. डोग्रा रेजिमेंटची चौथी बटालियन पायदळ म्हणून आघाडीवर होती आणि तिच्या साथीला स्टुअर्ट जातीचे हलके रणगाडे होते. रस्ता मोकळा करणाऱ्या सॅपर तुकडीची जबाबदारी राणे यांच्याकडे होती.

८ एप्रिल. सकाळी ११ वाजता नादपूर दक्षिण या ठिकाणाजवळ राणे यांची माणसे रणगाड्यांपाशी थांबली होती. पुढचे सुरुंग काढण्यास सुरुवात होणार, तोच शत्रूने उखळी तोफांचा जोरदार मारा केला. दोन सॅपर जागीच ठार झाले, पाच जखमी झाले. जखमींमध्ये राणे स्वतः होते. काम सुरू होण्याआधीच तुकडीची अशी हानी झाली होती. राणे यांनी उरलेल्यांची नव्याने मांडणी केली आणि रणगाडे आपल्या जागी जाऊ शकतील इतकी वाट काढण्यास लगेच हात घातला. दिवसभर ते मशीनगन आणि उखळी तोफांच्या माऱ्यात रणगाड्यांजवळच होते.

दुपारी साडेचारच्या सुमारास डोग्रांनी नौशेऱ्यापासून सुमारे ११ किलोमीटरवरील बरवाली कडा जिंकला. आसपासचा भाग पूर्णपणे शत्रुमुक्त झालेला नव्हता. तरीही राणे माणसे घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी मूळ रस्त्याला बगल देणारी वळणवाट खणू लागले. शत्रूच्या डोळ्यांदेखत हे काम रात्री १० वाजेपर्यंत चालले होते.

त्यांच्याविषयीच्या लेखनात एक प्रसंग वारंवार सांगितला जातो. सुरुंगक्षेत्र ओलांडताना राणे आघाडीच्या रणगाड्याखाली सरपटत गेले. रणगाड्याच्या गतीशी गती जुळवून ते पुढे सरकत आणि दोरीच्या खुणांनी चालकाला ‘चल’, ‘थांब’ असे कळवत सुरुंग काढत राहिले, असा तो प्रसंग आहे. पुरस्काराच्या मानपत्रात त्याचा उल्लेख नाही. तेथे राणे रणगाड्यांजवळ राहून काम करत होते एवढेच म्हटले आहे. वाचकाने ही दोन वर्णने वेगळी ठेवावीत. राणे यांच्या कामगिरीचे मोल पहिल्या प्रसंगावर अवलंबून नाही.

९ एप्रिल. पहाटे ६ वाजता पुन्हा काम सुरू झाले. दुपारी ३ वाजता वळणवाट तयार झाली, म्हणजे सलग नऊ तास खणणे आणि भरणे चालले होते. रणगाडे निघाले तेव्हा राणे सर्वांत पुढच्या चिलखती कॅरिअर गाडीत चढले. साधारण अर्ध्या मैलावर चिडाच्या झाडांचा अडथळा आला. राणे उतरले, त्यांनी खोडांना स्फोटके लावून ती उडवली आणि तांडा पुढे सरकला. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजत आले होते. डोंगराभोवती वेटोळे घेणाऱ्या या रस्त्यावर पुढच्या वळणावर काय आहे ते दिसत नव्हते. त्यानंतर उडवलेली मोरी आली. काम सुरू होण्याआधीच वरून मशीनगन सुरू झाल्या, तरी मोरीला बगल देणारी वाट काढली गेली. आता अडथळे दाट होत चालले. सव्वासहा वाजता, उजेड मंदावत असताना, पाच मोठ्या झाडांचा अडथळा समोर आला. भोवती सुरुंग, वर मशीनगन. राणे सुरुंग काढू लागले. मात्र परिस्थिती पाहून चिलखती तांड्याच्या प्रमुखांनी रात्रीपुरता तांडा सुरक्षित जागी थांबवला.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाचला राणे त्याच पाच झाडांपाशी होते. या वेळी रणगाड्यांची एक लहान तुकडी त्यांना आधार देत होती. मशीनगन चालूच होत्या. साडेसहापर्यंत अडथळा दूर झाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळे आणि फोडलेले भराव यांची रांगच होती. सगळीकडे शत्रूच्या गोळ्या पोहोचत होत्या. जखमी अवस्थेत राणे यांनी हा टप्पा साडेदहापर्यंत मोकळा केला.

यानंतरचा भाग कमी नाट्यमय आहे, पण सॅपरचे काम म्हणजे काय ते तो अधिक स्पष्ट करतो. रणगाडे रस्ता सोडून नदीच्या पात्रात उतरले आणि दुपारी दोनच्या सुमारास चिंगसला पोहोचले. लढणारे सैन्य पुढे गेले होते; राणे थांबले असते तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पण रणगाड्यांना तेल लागते, तोफांना गोळे आणि माणसांना शिधा. जखमींना मागे न्यावे लागते. ही सारी वाहतूक चाकांच्या गाड्यांतून होते आणि त्या गाड्या नदीच्या खडकाळ पात्रातून जाऊ शकत नाहीत. मागून येणाऱ्या रसदीच्या तांड्यासाठी राणे अन्न आणि विश्रांतीवाचून रात्री ९ वाजेपर्यंत रस्ता मोकळा करत राहिले. त्या एका दिवसात ते सोळा तासांहून अधिक काळ कामावर होते.

११ एप्रिल. सकाळी ६ वाजता पुन्हा आरंभ. ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता वाहनांसाठी खुला झाला. राणे तेथेही थांबले नाहीत. पुढचा मार्ग साफ करण्याचे काम रात्री १० पर्यंत चालू होते.

दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, भारतीय सैन्य राजौरीत शिरले. आक्रमकांनी माघार घेण्यापूर्वी शहराची मोठी नासधूस आणि कत्तल केली होती. परिसरात लपून राहिलेल्या आणि कैदेत असलेल्या अनेक लोकांची या वेगवान चढाईमुळे सुटका झाली. राजौरीत आजही १३ एप्रिल हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. राजौरी हाती आल्यामुळेच पुढे नोव्हेंबर १९४८ मध्ये त्या बाजूने निघालेले सैन्य पूंछच्या शिबंदीला जाऊन मिळू शकले आणि वर्षभराचा वेढा उठला.

सुरुंग काढण्याच्या कामाचे स्वरूप

राणे यांच्या तुकडीने केलेले काम नीट समजण्यासाठी त्या काळची पद्धत लक्षात घेणे उपयुक्त ठरते. रणगाडाविरोधी सुरुंग जमिनीत काही इंच खोल पुरलेला असतो आणि जड वाहनाच्या दाबाने फुटतो. धातूच्या सुरुंगांचा माग काढणारी विद्युत् शोधक यंत्रे दुसऱ्या महायुद्धात वापरात आली होती. तथापि लाकडी खोक्यातला सुरुंग त्यांना सहज सापडत नाही आणि लढाईत गोळ्या-तुकड्यांचे लोखंड जमिनीत सर्वत्र विखुरलेले असल्याने यंत्र उगाचच इशारे देत राहते. त्यामुळे बराचसा शोध संगिनीने किंवा लोखंडी सळईने, जमिनीत तिरपे टोचूनच घ्यावा लागतो. टोक अडले की हाताने माती बाजूला करायची, सुरुंगाखाली किंवा बाजूला दुसरा सापळा जोडलेला नाही ना ते चाचपायचे आणि मग तो निकामी करायचा किंवा दुरून दोरीने ओढून काढायचा. हे काम घाईने होत नाही, आणि ते करताना बंदूक चालवता येत नाही. वरून गोळीबार होत असताना सॅपरपाशी प्रत्युत्तर नसते. तो सर्वस्वी आपल्या रणगाड्यांच्या आणि पायदळाच्या भरवशावर असतो.

बॉम्बे सॅपर्सच्या इतिहासात या प्रसंगाला एक जवळचा पूर्वदाखला आहे. १९४१ च्या आरंभी अबिसीनियाच्या मोहिमेत सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्र सिंग भगत यांनी चार दिवसांत १५ सुरुंगक्षेत्रे शोधून साफ केली आणि ५५ मैलांचा मार्ग खुला केला. दोनदा त्यांची कॅरिअर गाडी सुरुंगाने उडाली आणि कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी विश्रांती नाकारली. या कामगिरीबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. पुढे ते लेफ्टनंट जनरल झाले. दोघांचे दल एक, पदवी एक, काम एक आणि कालावधीही जवळजवळ सारखाच. फरक आहे तो वाटचालीचा. भगत लष्करी अकादमीतून आलेले होते. राणे शिपायाच्या पायरीवरून.

परमवीर चक्र

परमवीर चक्राची स्थापना २६ जानेवारी १९५० रोजी झाली आणि तो १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या कामगिरीला पूर्वलक्षी प्रभावाने लागू करण्यात आला. पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची आहे. मूळच्या स्वित्झर्लंडच्या या विदुषी भारतात आल्या, लष्करी अधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि त्या मराठी घरात रुळल्या. पदकाच्या मध्यभागी राष्ट्रचिन्ह आणि त्याभोवती इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आहेत.

राणे यांचा पुरस्कार २१ जून १९५० च्या राजपत्रात जाहीर झाला. १९४७-४८ च्या युद्धासाठी एकूण पाच जणांना परमवीर चक्र मिळाले : मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंह, सेकंड लेफ्टनंट राणे, कंपनी हवालदार मेजर पिरू सिंह आणि लान्स नाईक करम सिंग. यांपैकी शर्मा, जदुनाथ सिंह आणि पिरू सिंह यांना तो मरणोत्तर मिळाला. राणे आणि करम सिंग हे दोघे तो स्वहस्ते स्वीकारू शकले. राणे यांना अनेकदा ‘पहिले हयात परमवीर’ म्हटले जाते, ते कामगिरीच्या तारखेच्या क्रमाने. करम सिंग यांची लढाई ऑक्टोबर १९४८ मधील आहे.

उत्तरायुष्य

राणे यांनी त्यानंतरही सुमारे दोन दशके अभियंता दलात सेवा केली. पाच वेळा युद्धवृत्तांतात त्यांचा नामोल्लेख झाला. २५ जानेवारी १९६८ रोजी ते मेजर म्हणून निवृत्त झाले. त्यानंतर त्यांना पुन्हा सेवेत घेण्यात आले आणि ७ एप्रिल १९७१ पर्यंत ते कामावर होते. कारवार, खडकी, आराकान आणि जम्मूचे डोंगर असा प्रवास केलेल्या या माणसाचा अखेरचा काळ पुण्यात गेला. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड रुग्णालयात वयाच्या ७६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

स्मृती

शिपिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने १९८० च्या दशकात आपल्या खनिज तेलवाहू जहाजांना परमवीर चक्रविजेत्यांची नावे दिली. त्यांपैकी ‘लेफ्टनंट रामा राघोबा राणे, पीव्हीसी’ हे जहाज ८ ऑगस्ट १९८४ रोजी ताफ्यात आले आणि सुमारे पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त झाले. म्हणजे जहाज ताफ्यात आले तेव्हा त्याचे नामदाते स्वतः हयात होते. मरणोत्तर पुरस्कारांच्या या यादीत अशी संधी थोड्यांनाच मिळाली.

कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर, आयएनएस चपळ या युद्धनौकेच्या संग्रहालयाजवळ, राणे यांचा पुतळा आहे. ७ नोव्हेंबर २००६ रोजी त्याचा समारंभ झाला. चेंडिया गाव येथून जवळच आहे आणि त्याच पट्ट्यात नौदलाचा कारवार तळ उभा राहिला आहे. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान व निकोबार बेटांमधील २१ निनावी बेटांना परमवीर चक्रविजेत्यांची नावे देण्यात आली, त्यांपैकी एका बेटाला राणे यांचे नाव आहे.